अठाईतली गोळी

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या छातीत सारखं धडधडायचं, म्हणून डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी एक गोळी लिहून दिली. ती चिठ्ठी सहा वर्षं चालली. शहाद्यातलं मेडिकल नात्यातल्यांचं. आपल्याच सुनेकडे चिठ्ठी कोण मागणार? अर्ध्या गोळीच्या दिवसाला तीन झाल्या. घरात कोणाला कळलं नाही.

त्या पर्युषणात मी अठाई धरली. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य मावळेपर्यंत. सगळ्यांना वाटलं, सुनेला भक्ती सुचली. माझा डाव वेगळाच होता. नियमाच्या धाकानं तरी गोळी सुटेल, असं वाटलं. मूर्खच मी.

तिसऱ्या दिवशी हात कापायला लागले, अंगावर पदरसुद्धा सोसेना. शेजारच्या पाटीलवहिनी म्हणाल्या, "बाई, तुन्हा हात थरथरी ऱ्हायनात." सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, तपात असं होतंच. चौथ्या दुपारी मी न्हाणीघराची कडी लावून गोळी गिळली. उपवास तिथेच मोडला. बाहेर बायका स्तवनं म्हणत होत्या. मी येऊन त्यांच्यात बसले. पुढचे चार दिवस तेच. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

नवव्या सकाळी पारणं. माहेरची माणसं दोंडाईच्याहून आलेली. तप करणाऱ्याच्या पाया थोरसुद्धा पडतात, म्हणून दुखरे गुडघे सावरत सासूबाई माझ्यासमोर वाकल्या. झाकली मूठ झाकलेली ठेवता आली असती. पण मी पाय मागे घेतले आणि सगळं सांगून टाकलं.

सासूबाई मूळच्या प्रकाशा गावच्या. एरवी घरात मारवाडी बोलतात, संतापल्या की अहिराणी. "कितला वरीस व्हयनात?" एवढंच विचारलं. मग बाहेर जाऊन, कारण न सांगता, माझ्या तपाची ठरलेली मिरवणूक रद्द केली.

इथे कोणी बघेल म्हणून सुरतेच्या डॉक्टरांकडे गेलो. ते मलाच रागावले. ही गोळी एकदम सोडली तर झटके येतात, जीवही जाऊ शकतो. हळूहळू कमी करायची.

वर्ष होत आलं. थकलेय मी. अजून अर्ध्या गोळीवरच आहे. पाकीट सासूबाईंच्या कपाटात असतं. रोज सकाळी त्या माझ्या हातावर तुकडा ठेवतात आणि गिळेपर्यंत उभ्या राहतात. परवा मी चिडून म्हटलं, "आता तरी माझ्यावर विश्वास ठेवा."

"तुन्हा सोतावर शे का?" त्यांनी विचारलं.

मी हात पुढे केला.