पाणी सरळ खालीच जातं

या गवंड्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ उभी आहे का ते पाहायला दोरीला जे वजन बांधून सोडतात, त्याचं हे नाव. ते त्याच्या खिशात असायचं आणि डोक्यात त्याहून जास्त. भिंत असो की जावई, जरा कललेला दिसला की ओळंब्याचं तोंड सुटलंच म्हणून समजा.

अंगणातली विहीर त्याने स्वतः खोदून बांधलेली. तिच्या पाण्याला कोणी नावं ठेवलेली त्याला खपायची नाहीत. आणि ती ठेवली कोणी, तर घरातच राहणाऱ्या पोटच्या मुलीने! तिची लहान मुलगी सारखी जुलाबाने आजारी पडत होती. गाल पार आत गेले होते.

"बाबा, विहिरीचं पाणी तपासून घेऊ या."

"घे की! हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

तपासणीत पाण्यात मैल्याचे जंतू निघाले. ओळंब्याने क्षणात गुन्हेगार ठरवला. शेजारी राहणाऱ्या घड्याळजीने संडासाचं पाणी जमिनीत मुरवायचा शोषखड्डा कुंपणालगत खणला होता. "कोर्टात खेचीन!" ओळंबा अंगणातून ओरडला.

"खेचा," घड्याळजी मवाळपणे म्हणाला. "पण आधी नक्की तर करून घ्या."

पाणी खात्याच्या बाई आल्या आणि त्यांनीही तेच सांगितलं. दावा करायचा तर पुरावा हवा, आणि त्यासाठी दोन्ही घरांचे खड्डे तपासायला हवेत.

"माझा कशाला?" ओळंबा उसळला. "टेप लावून विहिरीपासून नियमापेक्षा जास्तच अंतर ठेवलंय मी. आणि पाणी सरळ खाली जातं, बाई. आडवं चालायला त्याला पाय आहेत का?"

"अंतर बरोबर आहे, काका. पण ते कमीत कमी. खाली खडक कसा आहे, तेही खणण्याआधी दाखवून परवानगी घ्यायची असते. घेतली होती?"

"माझ्या अंगणात मी कोणाची परवानगी घेऊ?"

बाईंनी वाद घातला नाही. अपाय न करणारे दोन रंग त्यांनी आणले होते. घड्याळजीच्या संडासात लाल ओतला, ओळंब्याच्या संडासात हिरवा. निकाल लागेपर्यंत विहिरीचं पाणी तोंडाला लावायचं नाही, असं बजावून त्या गेल्या. ओळंब्याची मुलगी रस्त्यावरच्या सरकारी नळावरून हंडे आणू लागली, आणि ओळंबा रोज विहिरीत डोकावून लाल रंगाची वाट पाहू लागला.

एका सकाळी तो कठड्याशी वाकला आणि तसाच राहिला. ऊन नुकतं आत उतरलं होतं. खडकातल्या एका भेगेतून हिरव्या रंगाची बारीक धार येत होती आणि पाण्यात हळूहळू उलगडत होती. इतका लखलखीत हिरवा त्याने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्या खडकावर त्याच्या छिन्न्या बोथट झाल्या होत्या. ती भेग त्याला ठाऊक होती, पण केसाएवढी म्हणून त्याने ती सोडून दिली होती. आणि त्या केसातून पाणी चालत आलं होतं, अंधारात, आडवं, कोणाला न विचारता! आपण वर्षानुवर्षं या अंगणात पाय आपटत फिरलो आणि पायाखाली हे चाललं होतं? त्याचे हात आपसूक जोडले गेले. दावा, कोर्ट, सगळं तो विसरला होता.

मग त्याच्या लक्षात आलं की हिरवा म्हणजे आपला. नातीचे आत गेलेले गाल आठवले.

तो थेट घड्याळजीच्या दारात गेला. "चूक माझी. खड्डा माझा निघाला."

घड्याळजीने त्याला आपल्या परसात नेलं. तिथल्या विहिरीतही तोच लखलखीत हिरवा पसरला होता.

"कालपासून आहे," घड्याळजी म्हणाला. "बायकोचं पोट महिनाभर ठिकाणावर नव्हतं, ते कशाने, तेही कळलं."

"मग मला काल बोलावलंत का नाही? चांगले चार शब्द सुनवायचे होतेत!"

"सुनवायलाच आलो होतो हो. पण तुमची नात दारात झोपली होती. बऱ्याच दिवसांनी इतकी शांत झोपलेली दिसली. म्हटलं, आपला आवाज चढायचा आणि ती उठायची."