बाद झालेल्यांकडे बघणारे पंच

मैदानावर चढाई रंगात आलेली असायची, चारी बाजूंनी शिट्ट्या, आणि आमचे पंच खुर्ची वळवून तिसरीकडेच बघत बसलेले असायचे. कुणी नवखा माणूस हळूच म्हणायचा, "अहो, खेळ इकडे चाललाय." पंच मान न वळवता म्हणायचे, "इकडे पण चाललाय."

इकडे म्हणजे बाद झालेले खेळाडू जिथे ओळीने बसतात तिकडे. तुम्ही कबड्डी बघायला गेलात तर त्या ओळीकडे लक्ष देता का? मीही देत नव्हतो. आपल्या संघाने समोरचा गडी टिपला की त्या ओळीतला पहिला पुन्हा आत येतो, एवढंच मला ठाऊक. पंचांच्या मते खरा खेळाडू तिथेच कळतो. बाद झाल्यावर जो केस नीट करतो, पाण्याच्या बाटलीशी खेळतो, नाहीतर आपल्याला कोण बघतंय ते बघतो, तो कामाचा नाही. बसल्या जागी ज्याचे डोळे मैदानातल्यांचे पाय मोजत असतात, तो आपला.

शिट्टी कधीच सुटली होती, पंच हे नाव तेवढं राहिलं होतं; ते आमच्याच कचेरीत आवक-जावक टेबलावर होते. नोकरी ती पोटापुरती. जीव सगळा तालुक्या-तालुक्यांच्या कबड्डीत. कुठली पोरं उगाच डोक्यावर घेतली जातात आणि कुठली अंधारात राहतात, हे सांगण्यात त्यांचा हात धरणारा रत्नागिरीत कुणी नव्हता, निदान त्यांचं स्वतःचं मत तसं होतं. त्यांच्याकडे शेरे दोनच. वरून केशरी पण आत साका धरलेला, म्हणजे गर पांढरा पडून नासलेला हापूस जसा, तसा गाजावाजा झालेला खेळाडू म्हणजे "साका". आणि गवताच्या आढीत गुपचूप पिकत पडलेला, ज्याला अजून कुणी हात लावला नाही, तो "आढीतला". शेरा देऊन झाला की पुढे ठरलेलं वाक्य, "रंगावर जाऊ नका."

एका वर्षी एका चढाईपटूचं शहरभर कौतुक चाललं होतं. चौकात फलक, दंडावर वाघ गोंदवलेला, मोबाइलवर त्याच्या रील. मी कौतुकाने एक रील पंचांना दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ती दोनदा बघितली आणि मोबाइल परत दिला.

"अरे, ह्यात तो बाद झालेला कुठे दिसतो?"

"पंच, रीलमध्ये कोण बाद झालेलं दाखवील?"

"मग मी बघू काय? साका."

पुढच्या मोसमात तो वाघ दंडावरच राहिला. पंचांनी मला त्यावरून चांगले सहा महिने छळलं.

हीच पद्धत ते सगळीकडे लावायचे. माझ्या बहिणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा मीच त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. मुलगा नोकरी, पगार, फ्लॅट असं सगळं सांगत होता. पंच आपले पोहे खात होते. निघताना मुलाने आपली बशी उचलून मोरीपर्यंत नेली आणि तिथे ती कुठे ठेवायची ते न कळून तसाच उभा राहिला. पंच माझ्या कानाशी लागले, "आढीतला आहे. देऊन टाका." मेहुणे बोलतात फार, पण बाकी सोन्यासारखा माणूस निघाला.

आता हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल की पंच कधी चुकतच नव्हते. त्यांनाही तसंच वाटायचं. माझं अक्षर बरं, म्हणून जिल्हा निवडीच्या वेळी याद्या लिहायला ते मला घेऊन जायचे. त्या वर्षी मुलींची निवड होती. बारा जागा, पंच धरून तीन निवडणारे. मंडणगडच्या आतल्या गावातली सायली नावाची मुलगी आली होती. किडकिडीत, पण पकड अशी की भलीभली पोर जागच्या जागी थांबायची. बाकीचे दोघे म्हणाले, हिला घेऊ. पंचांनी खुर्ची वळवली. सायली बाद होऊन बसली होती आणि मैदान सोडून दर मिनिटाला फाटकाकडे बघत होती.

"साका," पंच म्हणाले.

त्यांच्या शब्दापुढे कोण जाणार? बारावं नाव शहरातल्या एका मुलीचं लागलं, सह्या झाल्या, आणि आम्ही दोघे चहा प्यायला एसटी स्टँडवर आलो. तिथे सायली आणि तिची आई पिशव्या घेऊन उभ्या. पंचांना राहवलं नाही. सरळ पुढे जाऊन म्हणाले, "अगो, खेळात लक्ष नाही तर इतक्या लांब येतेस कशाला? सारखी फाटकाकडे काय बघत होतीस?"

पोरीचा चेहरा पडला. उत्तर आईनेच दिलं. "सायेब, फाटकात मीच हुती हुबी. मंडणगडची ही शेवटची गाडी. मी पिशवी डोक्यावर घेतली की हिनं निघायचा, असा आमचा ठरलेला. गाडी चुकली तं रहायचा कुठं? हितं आमचा कोन हाय?" मग जरा थांबून म्हणाली, "ह्या वर्षी नाव नाय लागला तं तिचा बापूस पुन्हा पाठवायचा नाय म्हनतोय. मावशीकडं मुंबैला कामाला धाडतोय. लागंल ना ओ नाव?"

पंच तिच्याकडे न बघता सायलीकडे वळले. "समोरची उंच पोरगी चढाईला कुठला पाय आधी टाकत होती?"

"डावा, सर. पण बोनस घ्यायचा असला तं उजवा." ती खाली मान घालून बोलत होती. "आणि कोपऱ्यातल्या ताईच्या गुडघ्याला लागलंय. ती लपवते, पण पकडीला उशिरा येते."

गुडघ्याचं पंचांना दिसलं नव्हतं. गाडी लागली, दोघी चढल्या, गाडी गेलीसुद्धा. पंचांनी चहा हातात घेतला, पण प्याले नाहीत. चहा निवला. मग म्हणाले, "चल रे. कागद घे."

सही झालेली यादी बदलायची तर कारण लेखी द्यावं लागतं. बाकीचे दोघे वैतागले. "पंच, असं काही लिहून दिलंत तर उद्या प्रत्येक पोरीचा बाप कारण मागायला दारात उभा राहील."

"राहू दे. लिही रे तू. खेळाडूचं लक्ष होतं, माझंच नव्हतं. निवडीत चूक माझी."

मी लिहिलं, त्यांनी सही केली. तीस वर्षांचं नाव त्या दोन ओळींत पणाला लागलं होतं. तेवढ्यावर भागलं नाही. जिचं नाव राखीवमध्ये गेलं तिच्या घरी ते स्वतः सांगायला गेले. तिच्या वडिलांनी अंगणातच उभं करून त्यांना पाऊण तास झाडलं. पंचांनी ऐकून घेतलं, शेवटी पाणी मागून प्याले आणि म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पण ती जागा त्या मंडणगडच्या पोरीचीच होती." मला तेव्हा त्या माणसाचा फार अभिमान वाटला. पुढच्या वर्षी त्यांची मुलगीही निवडली गेली.

सायली राज्यस्पर्धेत फार चमकली वगैरे नाही. आपला संघ दुसऱ्याच फेरीत घरी आला. पण ती खेळत राहिली. मावशीकडे गेली नाही. आता तर बापूसच सामन्याला येतो आणि पंचांशी हुज्जत घालणाऱ्यांत पहिला असायचा.

असायचा म्हणतो, कारण पंच जाऊन आता वर्ष होईल. ते जाण्याच्या महिनाभर आधी मी त्यांना भेटायला गेलो होतो. खाटेवर उशांना टेकून बसले होते, मोबाइल तांब्याला टेकवून सायलीचा सामना लावलेला. अंगावर मांस उरलं नव्हतं, पण जीभ शाबूत होती. मेहुण्यांची चौकशी केली, आमच्या नव्या साहेबांना न बघताच साका ठरवलं. आम्ही दोघे खूप हसलो. निघताना मी सहज विचारलं, "पंच, सायलीला शेरा राहिलाच की तुमचा. काय लिहू?"

एरवी त्यांना उत्तराला क्षण लागायचा नाही. त्या दिवशी त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून आधी पडद्यावरची चढाई संपू दिली.

"काही लिहू नको," ते म्हणाले. "घाई कशाला? अजून दोन वर्षं बघू या तिला."

डॉक्टरांनी काय सांगितलंय ते त्यांना माहीत होतं आणि मलाही. मी पुन्हा खाटेशेजारी बसलो आणि म्हटलं, "बघू या."