काचेतलं पाणी

मी मुळातच काळजीखोर. गॅस बंद केला की नाही ते बघायला खाली गेलेल्या लिफ्टने परत वर येणारी. अशा बाईच्या हाती वाफेचं इंजिन द्यावं म्हणजे कमालच. इंजिन खरं नव्हतं म्हणा. बुओना व्हिस्टाच्या आमच्या ऑफिसात आगगाडी चालवण्याचा कॉम्प्युटर गेम तयार होत होता, आणि त्यातलं स्वीडनचं जुनं ‘बी’ वर्गाचं इंजिन माझ्या वाट्याला आलं होतं.

वर्षभर मी त्याबद्दल मिळेल ते वाचलं. मालगाडी असो की पॅसेंजर, पडेल ते काम करणारं गुणी इंजिन. मोठ्या मार्गांवर वीज आली तसं ते आडमार्गांवर गेलं. पण त्यातली कित्येक इंजिनं भंगारात न देता ग्रीस फासून जपून ठेवली गेली. न जाणो, युद्ध झालं आणि वीज तुटली तर असावीत म्हणून. हे वाचलं आणि तो देश मला एकदम माहेरचाच वाटला.

तेव्हा जिवाला वेगळाच घोर होता. माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे या परक्या देशात नोकरी करायचा परवाना, संपत आला होता. इंजिन मंजूर झालं तर आमची टीम राहणार, नाहीतर टीम बंद, नोकरी बंद, आणि आम्ही मायलेकी चोआ चू कांगचा फ्लॅट सोडून पुण्याला. मुलगी इथेच शाळेत घातलेली, पंधरा वर्षांची. पूर्वी रोज विचारायची, “आई, एव्हरीथिंग ओके?” मी पोळी लाटता लाटता म्हणायचे, “सगळं ठीक आहे गं.” हल्ली तिने विचारणं सोडलं होतं. मला वाटलं, चला, पटलं एकदाचं.

मंजुरी द्यायची होती स्वीडनमधल्या एका आजोबांनी. तरुणपणी ते याच इंजिनांवर कोळसा मारायचे, पुढे ड्रायव्हर झाले. आमच्या दुपारी तीनला, त्यांच्या सकाळी, ते व्हिडिओ कॉलवर आले आणि आपल्या घरी बसून आमचं इंजिन चालवू लागले.

पहिला अर्धा तास छान गेला. मग मोठा चढ लागला. माथा यायच्या आधीच त्यांनी बॉयलरमध्ये पाणी घेतलं. माथा ओलांडून गाडी उताराला लागली आणि ते पाण्याच्या काचेकडे बघत राहिले. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते दाखवणारी ती उभी काचेची नळी. मग त्यांनी गाडी थांबवली.

“पाणी खाली का नाही गेलं?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

उतारावर बॉयलरमधलं पाणी पुढे धावतं, मागे भट्टीच्या डोक्यावरचं कमी होतं. भट्टीचं डोकं असं उघडं पडलं तर पत्रा तापून लाल होतो आणि बॉयलर फुटतो. हे सगळं मी आधी गेममध्ये घातलं होतं. पण काचेतलं ते पाणी सारखं खालीवर नाचायचं, आणि ते बघून माझाच जीव खालीवर व्हायचा. शेवटी एका दुपारी मी ते नाचणं काढून टाकलं होतं. तेव्हा केवढं हायसं वाटलं होतं!

कॉलवर असलेला आमचा मॅनेजर घाईने म्हणाला, “बग असेल.” तसंच म्हणून मोकळं होता आलं असतं.

“बग नाही,” मी म्हणाले. “मी केलंय. मला ते बघवत नव्हतं.”

आजोबा हसले नाहीत की चिडले नाहीत. म्हणाले, “बघवत आम्हालाही नव्हतं. म्हणून तर आम्ही माथ्याआधी पाणी घ्यायचो. काच नेहमीच सगळं ठीक म्हणायला लागली, की ड्रायव्हर तिच्याकडे बघायचंच सोडतो.”

त्यांनी दुरुस्तीसाठी आठवड्याची मुदत दिली. मॅनेजरने कपाळाला हात लावला. मी मात्र घरी जाताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभी होते ती आजोबांचं शेवटचं वाक्य घेऊन. बघायचंच सोडतो. माझ्या मुलीनेही विचारणं सोडलं होतं.

घरी आल्यावर चपलाही न काढता तिला सांगितलं. पास संपतोय. नोकरी राहील की नाही, मला माहीत नाही. मला फार भीती वाटतेय.

“आय नो, लाह,” ती इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली. “तू फोनवर मावशीशी बोलतेस ना, ऐकू येतं.” मग दप्तरातून तिने एक घडी पडलेला कागद काढला. शाळेच्या कॅम्पचा फॉर्म, कोरा. “आपण इथे असू की नाही, माहीत नव्हतं. म्हणून भरलाच नाही.”

मी तारीख बघितली. मुदत कालच संपली होती.

काचेतलं पाणी मी पुन्हा नाचतं केलं. इंजिन मंजूर झालं, नोकरी टिकली, पासही वाढवून मिळाला. कॅम्पच्या तीन दिवसांत सगळा वर्ग तंबूत होता आणि माझी मुलगी घरी, माझ्याबरोबर, पोळ्या लाटायला शिकत होती.