शेवंताकाकीच्या स्पीकरातली घूं घूं

काल दुकानात जळक्या कपॅशिटरचा वास आला. सडक्या मासळीवानी असतो तो. घरी बायको म्हणली, "आंघोळ करून या." मी मात्र मनानं लई वर्सांमागं, सणसर गावात, शेवंताकाकीच्या ओट्यावर जाऊन बसलो हुतो.

काकीचा नवरा, आमचं तात्या, तवा नुकतंच गेलं हुतं. त्यात डांबावरची न्यूटलची तार तुटली आणि घरात नको तितका करंट घुसला. बल्ब, टीव्ही जळालं. तात्यांचा भजनाचा, आतच आवाज वाढवायचं मशीन असलेला स्पीकर वाचला, पण चालू केला की नुसता घूं घूं करायचा. त्यांच्या पोरानं मला बोलावलं. आपलं शिक्षण असं, की शॉक बसला म्हंजी लाईट आली एवढंच कळायचं. माईकची वायर उपसली, तरी घूं चालूच. म्हंजी दुखणं पोटात. फुगलेला कपॅशिटर काढून नवा टाकला आणि आवाज बंद!

मी छाती फुगवून वरडलो, "काकी, चहा टाका!"

काकी पिठाच्या हातानं भाईर आली. "बंद का झालं रं?"

"दुरुस्त झालं की!"

"तात्या दाढी करताना असंच गुणगुणायचं. मी रोज भाकरी करताना लावून ठिवायची."

माझं थोबाड उतरलं. "जुनाच परत लावतो, काकी."

"नगं."

स्पीकरला कान लावून ती तशीच बसली.

माझ्या हातची दुरुस्ती आठवडाभर टिकत न्हाय, समद्या गावाला ठावं हाय. तो स्पीकर तेवढा आजबी गप हाय.