पाहुण्यांची राखण

आमच्या दादाला एक खोड आहे. रिकाम्या घराचं कुलूप उघडायला गेला तरी आधी दारावर टकटक करतो. मालक शेजारीच उभा असतो, किल्ली हरवल्यामुळे वैतागलेला असतो, घरात चिटपाखरू नाही असं परत परत सांगत असतो. तरी हा टकटक करणार, थोडा थांबणार आणि मगच हत्यारं काढणार. लोक हसतात. मीही हसत आले. मी त्याची धाकटी बहीण. दोन गल्ल्या सोडून राहते आणि चष्म्याच्या दुकानात काम करते, त्यामुळे समोरचं लोकांना दिसत कसं नाही, याचा मला रोजचा अनुभव आहे.

दादाचं दुकान पुढे आणि घर मागे. दुकानात भिंतभर खिळे, खिळ्यांवर कोऱ्या किल्ल्या, आणि मधोमध किल्ली घासायचं मशीन. ते सुरू झालं की मागच्या खोलीत कपबशा थरथरतात. घरादाराला तेलाचा आणि पितळेचा वास. वहिनी औषधाच्या दुकानात कामाला, ती सकाळीच बाहेर पडते. मग मागे उरते आई. तिच्या खोलीचं दार सरळ गल्लीत उघडतं.

आईला विसरायला होऊ लागलं, तेव्हा आम्ही आधी गंमतीवारी नेलं. चष्मा फ्रीजमध्ये सापडला, त्यावर आठवडाभर हसलो. मग ती एक दिवस दुपारी चप्पल घालून निघाली. विचारलं तर म्हणाली, "शाळा सुटली असेल, मुलांना घेऊन येते." मुलं म्हणजे दादा आणि मी. दादाच्या डोक्यावर तेव्हा निम्मे केस उरले होते. शाळा केव्हाच बंद पडून तिथे फरशांचं गोदाम झालं होतं. आई त्या गोदामाच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची आणि बाहेर येणाऱ्या हमालांकडे आशेने बघायची.

दादा दुकान टाकून तिला आणायला धावायचा. हे रोजचंच झालं. मी त्याला म्हटलं, "अरे, शहराला कुलपं लावतोस, आईच्या दाराला एक बाहेरून लावता येत नाही?"

दादा किल्ली घासत राहिला. मशीन थांबल्यावर म्हणाला, "आत माणूस असताना मी बाहेरून कुलूप लावत नाही."

हा त्याचा नियम. गिऱ्हाइकालाही तो असलं काम करून देत नाही, परत पाठवतो. त्याचं कारण मला ठाऊक होतं. धंद्यात नवा असताना त्याला एकदा एक दार उघडायला बोलावलं होतं. घरचे म्हाताऱ्या वडिलांना आत ठेवून गेले होते आणि किल्ली कुठेतरी पाडून आले होते. दार उघडलं तेव्हा म्हातारबुवा ठीक होते, पण दाराच्या आतल्या बाजूला कडीजवळचं लाकूड नखांनी ओरबाडलेलं होतं. काही ओरखडे जुने होते. दादाने त्या दिवशी जेवण केलं नाही. टकटक करायची खोडही तेव्हापासूनचीच.

"मग कर काय करायचं ते," मी म्हणाले. त्याने जे केलं ते पाहून मी डोक्याला हात लावला. तो कुत्रा घेऊन आला.

भटक्या आणि टाकलेल्या जनावरांच्या निवाऱ्यातून आणला होता. मीही गेले होते सोबत, म्हणजे त्याला अडवायलाच गेले होते. पिंजऱ्यांच्या रांगेत सगळी कुत्री जाळीवर उड्या मारत होती, आणि शेवटच्या पिंजऱ्यात हा मळकट पांढरा ढीग आडवा पडला होता. वासरू म्हणावं एवढं अंग. दादा जाळीशी बसला तेव्हा त्याने एक डोळा उघडला, शेपटी एकदा जमिनीवर आपटली आणि डोळा मिटला. झालं तेवढं स्वागत.

निवाऱ्यातल्या बाई म्हणाल्या, "हा मेंढ्या राखणाऱ्या जातीचा आहे. थोडी मिसळ आहे, पण स्वभाव तोच. मोठा झाला म्हणून कुणी नेत नाही."

"राखण करतो?" दादाने विचारलं.

"तेच तर करतो. रक्तातच आहे त्याच्या."

दादाचा चेहरा खुलला. येताना टेम्पोत तो मला समजावत होता, मेंढी कळप सोडून निघाली की हे कुत्रे तिला कसे माघारी वळवतात वगैरे. जन्मात कधी मेंढी जवळून पाहिली नव्हती आम्ही दोघांनी. कुत्रा माझ्या पायावर डोकं टाकून झोपला होता आणि माझा पाय बधिर झाला होता.

घरी आल्यावर आईने त्याला नीट निरखलं आणि विचारलं, "पाहुण्यांना पाणी दिलं का?"

त्या दिवसापासून त्याचं नाव पाहुणे. आणि पाहुणे म्हटल्यावर अरेतुरे कसं करणार? "पाहुणे उठले का?" "पाहुण्यांनी पायपुसणं खाल्लं." वहिनीसुद्धा तसंच बोलायला लागली. पाहुणे मात्र कशालाच हरकत घेत नसत. गिऱ्हाइकं त्यांना ओलांडून दुकानात यायची. गल्लीतली मांजर त्यांच्या ताटलीतलं खायची आणि ते जरा सरकून तिला जागा द्यायचे. दिवसभर मुक्काम आईच्या पायाशी. आई त्यांच्याशी गप्पा मारायची, पूर्वीच्या शेजारणींच्या, पूर्वीच्या भाड्याच्या, आणि तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली तरी पाहुणे तितक्याच मन लावून ऐकायचे. आमच्यापैकी कुणाला ते जमत नव्हतं, हे खरं आहे.

पहिल्याच आठवड्यात परीक्षा झाली. दुपारी आई उठली, चप्पल घातली, कडी काढली. दादा दुकानाच्या दारातून श्वास रोखून बघत होता. पाहुणे उठले, आळस दिला, अंग झाडलं आणि आईच्या मागोमाग गल्लीत चालू लागले.

दादाने निवाऱ्यातल्या बाईंना फोन लावला. त्या हसल्या असाव्यात, कारण दादाचे कान लाल झाले. "अहो, कळप वळवणारी कुत्री वेगळी," त्या म्हणाल्या. "ही वळवत नाहीत. ही कळपाबरोबर राहतात. कळप जाईल तिकडे जातात आणि त्याच्या जवळ कुणाला येऊ देत नाहीत. हवं तर परत आणा, मी समजू शकते."

परत न्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आईने पाहुण्यांच्या गळ्यात स्वतःचा जुना रुमाल बांधला होता. शिवाय तसं पाहिलं तर सोय झालीच होती. आई निघाली की पाहुणे निघायचे, एवढं मोठं पांढरं जनावर लांबून दिसायचं, रस्त्यावरच्या गाड्या हळू व्हायच्या. दादा गोदामाच्या फाटकाशी गेला की दोघं तिथेच असायची. आमचा जीव थोडा भांड्यात पडला. आणि माणूस एकदा निर्धास्त झाला की संपलंच.

त्या दिवशी दादा लांब एका दवाखान्याची तिजोरी उघडायला गेला होता. परत आला तर आईचं दार सताड उघडं. गोदामाच्या फाटकाला सुट्टीचं कुलूप आणि आसपास कुणी नाही. त्याने मला दुकानात फोन केला. मी गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा तसाच ठेवून निघाले.

आम्ही विचारत सुटलो. आईचं वर्णन सांगितलं तर लोक मान हलवायचे, तसल्या आज्या काय कमी असतात. "सोबत मोठा पांढरा कुत्रा" म्हटलं की लगेच हात वर व्हायचा. तिकडे गेली. पुढे गेली. पंक्चरवाल्याने सांगितलं, लाकडाच्या वखारीमागे, मोठ्या रस्त्याच्या कडेला. तो रस्ता ट्रकांचा. ऊन डोक्यावर.

ती तिथेच होती. ओंडक्याला टेकून मातीत बसलेली, एका पायात चप्पल, दुसऱ्या पायाला रक्त. आणि रस्त्याच्या बाजूला, तिच्या आणि ट्रकांच्या मध्ये, पाहुणे आडवे पसरलेले.

"आई!" म्हणून दादा धावला.

आईने त्याच्याकडे पाहिलं आणि ती घाबरली. खरोखर घाबरली. हात तोंडापुढे धरून ओरडली, "कोण आहे हा? जवळ येऊ नको."

पाहुणे उठले. दादाच्या हातून रोज जेवणारे, दादाच्या पायावर झोपणारे पाहुणे त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. शेपटी हलली नाही. त्यांच्या गळ्यातून जो आवाज आला, तो आम्ही त्या घरात कधी ऐकला नव्हता. दादा डावीकडे सरकला, तेही सरकले. दादाने त्यांना हाक मारली, चुचकारलं, शेवटी हात जोडले. मला त्या क्षणी दगड उचलावासा वाटला. दादा म्हणाला, "नको. त्यांचं काही चुकत नाहीये." मग तो होता तिथेच, उन्हात, मातीत खाली बसला.

तो आणि आई, मध्ये कुत्रा. मी उभी. ट्रक जात होते. आपली आई हातभर अंतरावर आहे, तिच्या पायातून रक्त वाहतंय, आणि तिला हातही लावता येत नाही, ही काय पाळी म्हणायची? मला रडू फुटलं. दादा रडला नाही. नुसता बसून राहिला, घाम गळत होता त्याच्या नाकावरून.

बऱ्याच वेळाने आईच पाहुण्यांना म्हणाली, "राहू द्या. दमलाय बिचारा." पाहुणे बसले, पण जागचे हलले नाहीत.

"कुणाची वाट बघता?" दादाने परक्यासारखं विचारलं.

"मुलगा सुटेल आता शाळेतून." तिने त्याचे काळे हात बघितले. "तू काय काम करतोस रे?"

"कुलपं बसवतो."

आईचा चेहरा एकदम कामाचा झाला, पूर्वी भाव करताना व्हायचा तसा. "मग आमच्या दाराला एक बसवून दे. चांगलं मजबूत. मुलगा लहान आहे, जरा नजर चुकली की दार उघडून पळतो. हरवला तर मी कुठे शोधू त्याला?"

दादाने खाली बघितलं. "देतो बसवून," तो म्हणाला.

"आजच दे."

"आजच देतो."

मग तिने उठायला त्याच्याकडे हात पुढे केला आणि पाहुण्यांनी वाट दिली.

त्याने शब्द पाळला. संध्याकाळी, पाय धुऊन पट्टी बांधून झाल्यावर, दुकानातलं सगळ्यात चांगलं कुलूप त्याने आईच्या दाराला बसवलं, बाहेरून. आई खुर्चीत बसून लक्ष ठेवत होती आणि पाहुणे लाकडाचा भुसा हुंगत होते. काम झाल्यावर किल्ली काम सांगणाऱ्याच्या हातात द्यायची, ही दादाची रीत. त्याने ती आईच्या तळहातावर ठेवली. आईने ती उलटसुलट केली आणि परत त्याच्याकडे दिली.

"तुमच्याकडेच असू द्या," ती म्हणाली. "मी हल्ली विसरते."

आता आई कुठे जात नाही. दुपारी चप्पल घालून दारापर्यंत येते, दार ओढून बघते, मग पाहुण्यांना म्हणते, "अजून वेळ आहे वाटतं सुटायला." पाहुणे दाराला पाठ लावून झोपतात. दादा कामावरून येतो, खिशातून किल्ली काढतो आणि कुलपाला हात लावायच्या आधी टकटक करतो. मी मागे उभी असले तरी माझ्याकडे बघत नाही.

आतून आईचा आवाज येतो, "या ना, दार उघडंच आहे."