चार शिलांचे सुभेदार

पंचशील पाच, पण आमचे सुभेदार चारच म्हणायचे. सत्तरच्या दशकात नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीतल्या विहारात दर रविवारी वंदना व्हायची. जीवहत्येपासून दूर राहण्याचं पहिलं शील आलं, की स्वारी ओठ घट्ट मिटून छताकडे बघत बसायची. दुसऱ्यापासून असा खणखणीत आवाज, की शेजारी बसलेल्या माझे कान बसायचे.

कुणी कारण विचारलं, की सुभेदार म्हणायचे, ‘अहो, उगाच खोटं कशाला बोलू? मी तर बॉम्बच्या कृपेनं जगलोय!’

तुम्ही म्हणाल, हे काय भलतंच? पण गोष्ट खरी होती. जपानशी लढाई चालली होती तेव्हा हे विशीतले शिपाई, मद्रासला बोटीची वाट बघत बसलेले. मलायात उतरायचं होतं. किती परत येतील, साहेबही सांगेना. तेवढ्यात हिरोशिमा-नागासाकीवर अणुबॉम्ब पडले, लढाई संपली, आणि हे धडधाकट घरी आले.

वंदना झाली की टपरीवर इतिहासाच्या गुरुजींशी त्यांची जुंपायची.

‘लढाई थांबवायला लेकराबाळांना जाळायचं? हा कुठला न्याय, सुभेदार?’

‘मग मी मरायला हवं होतं का? बोला ना, गुरुजी!’

गुरुजी नुसते चडफडायचे. आम्ही मजा बघायचो. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

एकदा मात्र गुरुजी म्हणाले, ‘तिथं मेले, त्यांच्यातही आपल्यासारखे चहावर भांडणारे दोघं असतील हो.’ त्या दिवशी सुभेदार चहा न घेताच गेले.

पुढं लेकीचं लग्न ठरलं. आमच्यात लग्नातही पंचशील म्हणतात. लेक हट्टाला पेटली, ‘बाबा, माझ्या लग्नात पाचही म्हणायची. नाहीतर मी उभीच राहणार नाही.’

सुभेदार माझ्याकडे आले. ‘कसं म्हणू हो? पहिलं शील म्हणायचं म्हणजे बॉम्ब पडायला नको होता म्हणायचं. तो पडला नसता, तर मी नाही. मी नाही तर ही पोर नाही. बापानं असं तोंडातून काढायचं?’ मला काय कळणार, कपाळ! मी आपला मान हलवत बसलो.

मांडवात बौद्धाचार्यांनी पहिलं शील म्हटलं. सुभेदार गप्प. लेकही न म्हणता बापाकडे बघत उभी. सगळा मांडव खोळंबला.

मग ती हळूच म्हणाली, ‘बाबा, मी जन्माला आलेय ना आता. आता म्हणा की.’

सुभेदारांनी म्हटलं. फाटक्या आवाजात, हमसून हमसून. लोकांना वाटलं, लेक सासरी चालली म्हणून रडतोय.

सुभेदारांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. गुरुजी थकलेत, तरी रविवारी टपरीवर येतात. परवा म्हणाले, ‘बॉम्ब टाकला ते वाईटच. मरेपर्यंत वाईटच म्हणेन.’

आणि चहाचा कप खाली ठेवत, ‘पण हा माणूस परत आला, ते फार बरं झालं हो.’