उजव्या कौलाची वाट

सोपाननं नाथाजीला पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं, कारण नाथाजी कुंडलच्या भर बाजारातून अख्खा ट्रक उलटा आणत होता. वळवायला जागा नव्हती आणि खाली उतरून रस्ता विचारणं फौजेतून आलेल्या ड्रायव्हरला शोभणारं नव्हतं. कोंबड्या झाडावर चढल्या, भाजीवाल्या देवळात शिरल्या, एक म्हातारा म्हणे थेट पलूसपर्यंत पळाला. सोपानच्या सायकल दुकानापासून चार बोटांवर ट्रक थांबला.

"पंक्चर काढतोस का रं?" नाथाजीनं विचारलं. ट्रकचं!

तिथून दोस्ती जमली. पंचाहत्तर साली नाथाजीनं मुंबईहून परदेशात गाडी चालवायचा परवाना काढून आणला. कुवेतच्या एका कंपनीला ड्रायव्हर हवे होते. बायकोला, बनुबाईला, गळक्या छपरातून पक्क्या घरात न्यायचं, एवढीच त्याची आस.

सोपाननं परवाना वाचला. "एकाच वर्साची मुदत हाय रं. तुजं हितलं लायसनबी तवाच संपतंय."

"सरकारी शिक्का हाय गड्या. शिक्का काय दूध हाय, नासायला?"

पण देवाचा कौल घेतल्याशिवाय नाथाजी लढाईवरसुद्धा गेला नव्हता. तात्याबा गुरवानं देवाच्या छातीवर दोन कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर जायचं, डावी पडली तर थांबायचं. एकही पडेना.

"देव इचार करतोय," तात्याबा म्हणाला.

"आवं, पाणी जरा कमी लावा की! कळ्या हायत का पंक्चरची ठिगळं?" सोपान वैतागला.

पुढच्या पुनवेला डावी पडली. त्याच्या पुढच्याही. कंपनीच्या मुंबईतल्या एजंटाची तार आली, 'ताबडतोब या'. नाथाजीनं उलट तार केली, 'देव थांब म्हणतो'. अशी तार त्या एजंटाला जन्मात आली नसेल.

अखेर पुढच्या साली एकदाची उजवी कळी पडली. गावानं हलगी लावून, हार घालून नाथाजीला वाटेला लावलं. सोबत सोपान होता. मुंबईत एजंटानं परवाना पाहिला आणि परत केला. मुदत संपली होती. नवा काढायचा तर चालू लायसन हवं, आणि तेही संपलेलं.

"देव तर जा म्हणाला," नाथाजी पुटपुटला. सोपाननं परवान्याची घडी करून त्याच्या खिशात ठेवली.

सांगलीत खेटे घालून लायसन नवं झालं, तोवर कंपनीची भरती बंद झाली होती. पुन्हा कधी बोलावणं आलं नाही. बनुबाईनंही पक्क्या घराचं विचारणं सोडलं.

नाथाजी साखर कारखान्याच्या फाटकावर रखवालदार म्हणून लागला आणि तिथूनच निवृत्त झाला.